ठरलेल्या दिवशी डोकं दुखलं पाहिजे

पाय मोडलेल्या माणसाला प्लास्टर मिळतं, ताप आलेल्याच्या तोंडात थर्मामीटर जातो. डोकं दुखणाऱ्याला फक्त सल्ला मिळतो. मी हे कुरकुर म्हणून सांगत नाही, अनुभव म्हणून सांगतो. माझं डोकं दुखायला लागलं की आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेघा नाचतात. मग भुवईच्या वर कुणीतरी आतून खिळा ठोकायला बसतं. मग उजेड नको होतो, आवाज नको होतो आणि शेवटी माणसं नको होतात. ही अवस्था मी कधीही कुणापासून लपवून ठेवलेली नाही. मी पलंगावर आडवा होतो, बायको पडदे ओढते, स्वयंपाकघरातला नळसुद्धा बारीक धारेने सोडला जातो आणि थोड्याच वेळात अख्ख्या मजल्याला खबर लागते.

आता अशा माणसाला नशिबाने कुठे बसवावं? मी शहराच्या पाणीपुरवठा कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसतो. ज्याच्या घरी पाणी आलंय तो माणूस आमच्या खिडकीवर कशाला येईल? येतो तो ओरडतच येतो. त्यात माझ्या डोक्यावरची ट्यूबलाइट गेली कित्येक वर्षं लुकलुकते आहे. तिच्याबद्दल मी एकदा रीतसर तक्रार लिहिली. ती वरून फिरून फिरून माझ्याच खिडकीवर आली आणि विजेच्या तक्रारी इथे घेतल्या जात नाहीत, असा शेरा मारून मला ती मलाच परत करावी लागली.

म्हणून जेव्हा कळलं की तळमजल्यावरच्या जुन्या नकाशांच्या खोलीतले गृहस्थ महिनाअखेरीला निवृत्त होताहेत, तेव्हा माझ्या आयुष्यात प्रथमच मला कशाची तरी हाव सुटली. जाड भिंती, एकच खिडकी, तीही झाडाआड. जमिनीखालचे नळ कुठून कुठे गेलेत ते दाखवणारे नकाशे, आणि ते बघायला वर्षाकाठी एखादा इंजिनिअर आला तर आला, तोही कुजबुजत बोलणारा. मी तिथल्या बदलीसाठी अर्ज केला. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"डोकं सगळ्यांचंच दुखतं हो. माझंही दुखतं, तुमचे अर्ज वाचून."

"साहेब, माझं वेगळं आहे."

"असेल. मग मेंदूच्या डॉक्टरांचा दाखला आणा. महिनाअखेरच्या आत. आणि 'रुग्ण असं असं सांगतो' वगैरे चालणार नाही. तुमचं डोकं दुखतंय हे डॉक्टरांनी स्वतः बघितलेलं पाहिजे."

या शेवटच्या वाक्याने पुढचं सगळं रामायण घडवलं. पण त्या वेळी मला ते अगदी रास्त वाटलं होतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई शहरात एकच, आणि त्यांची वेळ मिळायला अडीच महिने. फोनवरच्या बाईंनी मला हे इतक्या मऊ आवाजात सांगितलं की रागावताही येईना. मी रोज फोन करत राहिलो. शेवटी एके दिवशी त्या म्हणाल्या, "महिनाअखेरच्या आदल्या दिवशी सकाळची एक वेळ रिकामी झाली आहे. ते पेशंट येऊ शकत नाहीत म्हणाले."

"का हो?"

"डोकं दुखतंय त्यांचं. तोवर थांबेलसं वाटत नाही म्हणाले."

मला त्या अनोळखी माणसाबद्दल फार वाईट वाटलं, पण वेळ मी लगेच घेतली.

त्या संध्याकाळी माझा मेव्हणा घरी आला होता. त्याचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि जगातल्या सगळ्या गोष्टी तो बॉनेट उघडून बघतो. तो म्हणाला, "भाऊजी, वेळ मिळाली ते ठीक. पण त्या वेळेला तुमचं डोकं दुखत असेल कशावरून?"

हा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

"माझ्याकडे रोज गिऱ्हाईकं येतात," तो पुढे म्हणाला. "सांगतात की गाडीतून असा असा आवाज येतो. गॅरेजमध्ये आणली की गाडी एकदम गुणी. मी म्हणतो, आवाज येत असताना घेऊन या, मग बघू. तुम्ही ठणठणीत डोकं घेऊन गेलात तर त्या बाई काय बघणार?"

बायको आतून म्हणाली, "डॉक्टर म्हणजे गॅरेज आहे का रे?" पण तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. साहेबांचं वाक्य आणि मेव्हण्याचं शास्त्र एकमेकांत असं घट्ट बसलं की शंकेला जागाच उरली नाही. तारीख ठरली होती, तेव्हा डोकं दुखणंही त्या तारखेला ठरवणं भाग होतं.

आमच्या इमारतीत कुठलंही काम एकट्याने करायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर आणि समोरच्या काकू आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले. काकूंनी आजवर माझं डोकं दुखायचं थांबावं म्हणून मला इतके उपाय सांगितले होते की ते सगळे केले असते तर नोकरीला वेळ उरला नसता. त्या जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या, "इतकी वर्षं दुखू नये म्हणून सांगत होते तेव्हा ऐकलं नाहीत. आता दुखावं म्हणून तरी ऐका."

हेडमास्तरांनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी मला उभं करून विचारलं की कशाकशाने दुखतं. मी सांगत गेलो: जागरण, उपास, ऊन, उग्र वास, कर्कश आवाज. "उत्तम," ते म्हणाले. "अभ्यासक्रम तयार आहे. आता सराव. परीक्षेच्या दिवशी एकदम पेपर लिहायला बसणारा मुलगा नापास होतो."

जागरणापासून सुरुवात झाली. माझी झोप मोडायची जबाबदारी हेडमास्तरांनी घेतली आणि ती इतक्या निष्ठेने पार पाडली की मी दुसऱ्या दिवशी तक्रारींच्या खिडकीवर, शिक्का हातात धरूनच झोपलो. तशी गाढ झोप मला लहानपणानंतर लागली नव्हती. लोकांना वाटलं मी आजारी आहे. एका दांडग्या तक्रारदाराने मागच्या रांगेला दटावून गप्प बसवलं, असं नंतर कळलं. जागा झालो तेव्हा डोकं असं स्वच्छ होतं की मी उरलेल्या सगळ्या तक्रारी तासाभरात निकाली काढल्या आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. आता माझ्या दुखण्यावर कोण विश्वास ठेवणार, ही नवी काळजी मला लागली.

मग ऊन. भर दुपारी गच्चीवर टोपीशिवाय उभं राहायचं. चक्कर आली तर सावरायला कुणीतरी हवं म्हणून बायको पाण्याची बाटली घेऊन शेजारी उभी राहायची. डोळ्यांत धूळ जाते म्हणून ती काळा चष्मा लावायची. माझ्या नाकाची साल निघाली आणि कचेरीत सगळे विचारू लागले की सुट्टीला कुठे जाऊन आलात. डोक्याने मात्र हूं की चूं केलं नाही.

वासाची जबाबदारी काकूंची. त्यांच्या नणंदेने कधीकाळी भेट दिलेली अत्तराची एक बाटली त्यांनी आजवर उघडली नव्हती, आणि ती उघडल्याबरोबर का उघडली नव्हती ते सगळ्यांना कळलं. ते अत्तर लावून मी बसमध्ये चढलो तर माझ्या आजूबाजूच्या तिन्ही जागा रिकाम्या झाल्या. मी खिडकीशी ऐसपैस बसून, वारा खात कचेरीत पोचलो. इतका सुखाचा प्रवास मी कधी केला नव्हता.

उपासाचं काय सांगू! मी उपाशी म्हटल्यावर बायकोही जेवेना. मी तिला म्हटलं, "अगं, डोकं माझं दुखायचंय, तू कशाला?" ती म्हणाली, "तुमच्यासमोर घास जातो का घशाखाली?" तिच्या या स्वभावाचं मला नेहमीच कौतुक वाटत आलंय. त्या दिवसांत ती संध्याकाळची भांडीसुद्धा दिवा न लावता घासायची. विजेची काटकसर तिच्या हाडामांसात भिनली आहे.

शेवटचा उपाय मेव्हण्याचा. त्याने गॅरेजमधून ट्रकचा हॉर्न आणला आणि आमच्या बाहेरच्या खोलीत बॅटरीला जोडून वाजवला. खालच्या मजल्यावरची मंडळी जिना चढून वर आली, आणि त्यांना सगळं समजावून सांगेपर्यंत माझाच घसा बसला. त्यांनीही शेवटी सहानुभूतीने मान हलवली आणि आपला कुकर शिट्ट्या फार मारतो, तो हवा तर न्या म्हणून सांगितलं.

इतकं सगळं झालं. जवळजवळ पंधरवडा गेला. एरवी मला आठवड्याला गाठणारं दुखणं या काळात फिरकलं नाही. गालावर तुकतुकी आली. मी खरंच सांगतो, मी मनातून खचलो. हेडमास्तर एक दिवस जिन्यात थांबले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "राग मानू नका. पण मुळात दुखत होतं ना?"

माणसाचं दुखणं खोटं ठरण्यासारखा अपमान नाही. मी मागून जिना चढत येणाऱ्या बायकोकडे बघितलं, म्हटलं, "अगं, तू तरी सांग यांना." ती पायरीवर थांबली. तिने कठडा धरला होता.

"दुखतं हो त्यांचं," ती म्हणाली. "फार दुखतं. ज्याचं दुखतं त्यालाच कळतं ते."

तिचा आवाज असा काही लागला की हेडमास्तर खाली बघत निघून गेले. मला माझ्या बायकोचा अभिमान वाटला. माझं दुखणं तिला इतकं समजतं, असं मी त्या वेळी मनात म्हटलं.

ठरलेला दिवस उजाडला. हेडमास्तरांच्या हुकमाने त्या दिवशी सगळे उपाय एकदम करायचे होते. रात्रभर जागरण झालं होतं, सोबतीला बायकोही जागी होती. सकाळी दोघांच्या पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. गच्चीवरचं ऊन झालं. काकूंनी आपल्या हाताने माझ्या शर्टाच्या कॉलरवर, बाह्यांवर आणि रुमालावर अत्तर शिंपडलं. मेव्हण्याने आपल्या खडखडत्या टेम्पोत आम्हाला दोघांना शेजारी बसवलं, सगळ्यात वाईट रस्ता निवडला आणि वाटभर हॉर्न दाबून धरला. दवाखान्याच्या दारात त्याने आशेने विचारलं, "काय भाऊजी?"

"काही नाही रे," मी म्हटलं. मला रडू यायचंच बाकी होतं.

वाट बघण्याची खोली मी कधी विसरणार नाही. भिंती फिक्या, दिवे मंद, खुर्च्यांच्या पायांना रबर लावलेलं. तिथे बसलेली सगळी माणसं डोळे मिटून, हाताने कपाळ धरून गप्प बसली होती. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं की सल्ला देत नव्हतं. ही माझी माणसं आहेत, असं मला आत पाऊल टाकताक्षणी वाटलं. पुढच्याच क्षणी माझा वास त्यांच्यापर्यंत पोचला.

पहिल्यांदा कोपऱ्यातल्या आजोबांनी डोळे उघडले. मग एका तरुण मुलीने ओढणी नाकाला लावली. मग एक गृहस्थ उठून दारापाशी गेले. टेबलामागच्या बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे ठळक अक्षरांत लिहिलं होतं की सुगंधी द्रव्यं लावून आत येऊ नये. ज्यांची डोकी दुखत होती त्यांची वाढली, ज्यांची थांबली होती त्यांची सुरू झाली. भरलेल्या त्या खोलीत ठणठणीत डोक्याचा माणूस मी एकटा उरलो. मी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, रुमाल खिशात खोल कोंबला आणि शरमेने खाली बघत बसलो.

तेवढ्यात बायकोचा हात माझ्या मनगटावर पडला. गार पडला होता.

"अहो," ती म्हणाली, "जरा मला बाहेर न्या."

मी तिला बाहेरच्या ओसरीवर नेलं. तिथल्या कचऱ्याच्या डब्याशी ती वाकली. रिकाम्या पोटातून येणार काय, पण उमासे थांबेनात. मग ती भिंतीला टेकून बसली, डोळे घट्ट मिटून, एका हाताने भुवई दाबून. तिचं असं बसणं मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी ते ओळखलं, कारण मी असाच बसतो.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहाटेपासून."

"आणि याच्या आधी?"

आतून माझ्या नावाचा पुकारा झाला.

मी टेबलाशी गेलो आणि म्हटलं, "बाई, माझ्या आधी हिला बघायला हवं. हिला फार त्रास होतोय."

"वेळ तुमच्या नावावर आहे," त्या म्हणाल्या. "एका वेळेत एकच पेशंट. यांचं नाव आज बसत नाही."

"मग माझं खोडा. हिचं लिहा."

"खोडलं तर तुम्हाला पुन्हा अडीच महिन्यांनी यावं लागेल. चालेल?"

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे नकाशांची खोली आली. ती जाड भिंत, झाडाआडची खिडकी, कुजबुजणारा इंजिनिअर. बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. मागे ओसरीवर बायको पुन्हा वाकल्याचा आवाज आला.

"खोडा," मी म्हटलं. माझी खोली तिथेच गेली.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या होत्या आणि फार हळू बोलत. त्यांनी उठून स्वतः खोलीतला दिवा मालवला, बायकोला कोचावर निजवलं, एक इंजेक्शन दिलं आणि तिच्याजवळ स्टूल ओढून बसल्या. तिला बोलवत नाही असं पाहून त्या माझ्याकडे वळल्या.

"कोणत्या बाजूला दुखतं यांचं?"

मी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

"महिन्यातून किती वेळा?"

"..."

"दर वेळी उलटी होते का?"

मी बायकोकडे बघितलं. ती डोळे मिटून पडली होती. इतकी वर्षं संसार केलेल्या बाईबद्दल मला काहीही सांगता येत नव्हतं.

"घरात आणखी कुणाचं दुखतं?"

"माझं!" मी म्हटलं. एवढंच उत्तर मला येत होतं आणि ते मी फार मोठ्याने दिलं. बायकोच्या कपाळावर आठी उमटली.

"उजवीकडे," ती पडल्या पडल्या म्हणाली. "लग्नाआधीपासून आहे. महिन्यातून तीन-चारदा तरी."

"अगं, मग मला कधी बोलली नाहीस!"

"घरात एक डोकं दुखत असायचं," ती म्हणाली. "दुसरं कुठे ठेवणार होतात?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. आजवर माझ्यासाठी पडदे ओढताना तिचं काय होत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि हा वास कसला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. साहेब, गॅरेज, अभ्यासक्रम, गच्ची, ट्रकचा हॉर्न. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "डोकं दुखत असतानाच यावं लागतं, असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच."

"मला काही दुखणं दिसत नाही हो. मी ते ऐकते. तुम्ही हसतखेळत आला असतात आणि नीट सांगितलं असतं, तरी पुरलं असतं मला."

"मग आता सांगू?" मी विचारलं.

"आता वेळ यांची आहे," त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

परतताना मेव्हण्याने टेम्पो इतका हळू चालवला की मागून येणारे सायकलवालेसुद्धा आम्हाला ओलांडून गेले. त्याने हॉर्नला हात लावला नाही. बायकोने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. अत्तराचा शर्ट मी काढून मागे टाकला होता आणि मेव्हण्याचा तेलकट डगला घातला होता. पुलावर आलो आणि माझ्या डोळ्यांपुढे एक नागमोडी रेघ हलली. मग दुसरी. मग भुवईच्या वर पहिला खिळा बसला.

पंधरवडाभर जिची आराधना केली ती डोकेदुखी अशी आली. माझ्या ओठांवर शब्द आले होते. मेव्हण्याला सांगावं, टेम्पो वळव म्हणावं, निदान डोकं दाबून एक 'आई गं' तरी म्हणावं. मी दात आवळले. बायको शेजारी होती आणि तिचा श्वास नुकता संथ व्हायला लागला होता. पूल संपला, चौक आला, तरी मी काही बोललो नाही. मला आपण फार मोठा माणूस असल्यासारखं वाटायला लागलं, आणि मग आठवलं की मी एक पूल आणि अर्धा रस्ता गप्प बसलो आहे. ती लग्नाआधीपासून गप्प होती.

इमारतीच्या जिन्यात सगळे वाट बघत होते. हेडमास्तर वरच्या पायरीवर, काकू दारात, खालच्या मजल्यावरची मंडळी त्यांच्या मागे. बायकोला धरून मी एकेक पायरी चढत होतो. उजेडाने माझे डोळे फुटत होते.

"काय मग?" हेडमास्तरांनी वरूनच दणक्यात विचारलं. "दुखलं का शेवटी? दाखला मिळाला?"

"हळू बोला," मी म्हटलं. "हिचं डोकं दुखतंय."

काकू पुढे आल्या, तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगंबाई, हिचं? कधीपासून? आणि कुठे दुखतं?"

बायको सांगायला गेली, पण मी तिला बोलू दिलं नाही.

"उजवीकडे," मी सांगितलं. "लग्नाआधीपासून. महिन्यातून तीन-चारदा." मग मी तिला आत नेलं आणि आधी पडदे ओढले.